बिनसुस्काऱ्याची मदत

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मदत मिळत नाही, असं म्हणणं हा मराठी कुटुंबसंस्थेवर अन्याय होईल. मदत मिळते. फक्त ती सुस्काऱ्यासकट मिळते. 'हा मेसेज कुणाचा आलाय जरा बघ रे,' असं आजोबांनी म्हटलं की नातू बघतो. पण बघण्याआधी तो कानातली बोंडं काढतो, ती काढताना डोळे मिटतो आणि मग जो दीर्घ वारा सोडतो त्यात 'सकाळपासून हे चौथ्यांदा' एवढं सगळं वाक्य मावलेलं असतं. सुनेचा सुस्कारा कुकरच्या शिट्टीत मिसळलेला असतो, मुलाचा लॅपटॉपच्या आडून येतो आणि लेकीचा तर परगावाहून फोनवरही पोचतो. ऐकू कमी येतं म्हणून ज्यांची घरात चेष्टा होते, त्या माणसांना हा एक आवाज शेजारच्या खोलीतूनही बिनचूक ऐकू येतो. कानाच्या डॉक्टरांनी यावर संशोधन करायला हरकत नाही. आणि एकदा तो ऐकला की माणूस पुढचं काम सांगत नाही. बल्ब गेला तर अंधारात बसतो, गोळी सकाळची की रात्रीची हे आठवेना झालं तर दोन्ही चुकवतो आणि कुणी विचारलंच तर 'काही नाही, सहज म्हटलं' असं म्हणून विषय मिटवतो. परावलंबनाची सुरुवात बहुतेक घरांत याच वाक्यानं होते. गुडघ्यांचा नंबर नंतर लागतो. म्हणूनच मोबाइलमधल्या बोलक्या मदतनिसाकडे बघताना, मग तो गुगल असिस्टंट असो, जेमिनी असो की अलेक्सा, त्याला अक्कल किती आहे हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याला सुस्कारा टाकता येत नाही, ही त्याची मुख्य पात्रता. बाकीची गुणपत्रिका नंतर तपासू.

स्वतंत्रपणे जगणारं वार्धक्य म्हटलं की या यंत्रांच्या जाहिरातींत जे चित्र दिसतं ते मूळचं अमेरिकेतलं. मोठं घर, मागे बाग, खिडकीशी रुपेरी केसांची प्रसन्न बाई आणि आसपास चिटपाखरू नाही. ती हवेत प्रश्न विचारते, हवेतून उत्तर येतं, ती हसते. तिथे हे चित्र खोटं म्हणता येणार नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२० मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत साठीपुढची २७ टक्के माणसं एकटी राहतात. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास निघालं. उरलेले कुणाच्या ना कुणाच्या सोबत राहतात आणि त्यांतले बरेचसे भरल्या घरात: दोन खोल्या, तीन पिढ्या, एक टीव्ही आणि रिमोट भलत्याच कुणाकडे तरी. अशा घरात आजोबांना स्वातंत्र्य हवं तरी कशापासून? घरच्यांपासून सुटका त्यांना नकोच असते. संध्याकाळी सगळे परत आले का हे मोजत ते दाराशी बसलेले असतात. त्यांना नको असते ती मिनतवारी. ज्या माणसाच्या सहीवाचून पस्तीस वर्षं ऑफिसातली फाइल हलली नाही, त्याला उद्या पाऊस आहे का हे कळायला नववीतल्या मुलाच्या सवडीची वाट बघावी लागते. हिंगाचा डबा कुठल्या फळीवर कितवा आहे हे जी बाई झोपेतही सांगत असे, तिला लेकीचा नंबर लावून घ्यायला सून मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसं १० कोटींवर होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ती ३४ कोटींच्या पुढे जातील. माणशी रोजचे चारच सुस्कारे धरले तरी एकूण राष्ट्रीय उत्पादन किती होतं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. एवढा वारा मिळाला असता तर साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या कधी थांबल्याच नसत्या.

आता हा मदतनीस बोलकाच का हवा? मोठ्या अक्षरांचा फोन घेऊन दिला की प्रश्न मिटला, असं दुकानदारापासून जावयापर्यंत सगळ्यांना वाटतं. पण टचस्क्रीनला दाब कळत नाही. तिला कळतो तो त्वचेतला सूक्ष्म विद्युतभार आणि उतारवयातली कोरडी बोटं तिला पुष्कळदा जाणवतच नाहीत. जाणवली नाहीत की आजोबा आणखी जोरात दाबतात. टाइपरायटरच्या कळा बडवण्यात उमेद घालवलेल्या बोटांना नुसतं टेकणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो. जास्त वेळ दाबून धरलं की पडद्यावरचा एखादा चौकोन जागचा उचलला जातो, सरकत कचऱ्याच्या डब्याकडे जातो आणि संध्याकाळी घरात चौकशी समिती बसते: बँकेचं अ‍ॅप गेलं कुठे? 'मी काही केलं नाही, आपोआप झालं,' ही साक्ष सर्व घरांत सारखीच असते आणि बहुतांशी खरीही असते. बोटांवरचे ठसे वयाबरोबर पुसट होतात, हे पेन्शनरांना वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि हयातीचा दाखला अंगठा टेकवून मिळायला लागला. पण अनेकांचे अंगठेच उमटेनात. २०२१ मध्ये चेहरा दाखवूनही काम होण्याची सोय झाली आणि समोर फोटो नसून जिता माणूस आहे अशी खात्री पटावी म्हणून पापणी लववायला सांगितलं जाऊ लागलं. उभ्या नोकरीत ज्यानं कुणाकडे वर मान करून पाहिलं नाही, त्याला सत्तरीनंतर दर नोव्हेंबरात सरकारकडे बघून डोळे मिचकवावे लागतात. थोडक्यात, बोटं दगा देतात, डोळे दगा देतात, गुडघ्यांचं तर नावच नको. शेवटपर्यंत साथ देतो असा अवयव एकच, जीभ. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या स्त्रियांपैकी साक्षर होत्या २८ टक्के. बाकीच्यांना मोठ्या अक्षरांचा फोन काय देणार? न वाचता येणारी अक्षरं, फक्त मोठी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये गुगल असिस्टंट मराठी बोलू लागला तेव्हा खरी सोय झाली ती शाळेचं तोंड न पाहिलेल्या या आज्यांची, कारण बोलण्याच्या परीक्षेत त्या कधीच नापास झाल्या नव्हत्या.

म्हणजे सगळं सुरळीत जमलं? छे. मराठी ज्येष्ठाची काम सांगायची एक रीत आहे. काम शेवटी येतं. आधी पार्श्वभूमी येते, कारण पार्श्वभूमीशिवाय काम सांगणं हा उद्धटपणा. 'हं, ऐका हो. ते आपले जोशी नाहीत का, बँकेतले...' इथे आजोबा थांबतात, आवंढा गिळतात, जोशींचा चेहरा डोळ्यांसमोर आणतात. बोलणं संपलं हे ओळखायची यंत्राची खूण म्हणजे शांतता. आवाज क्षणभर थांबला की हुकूम पूर्ण झाला असं समजून ते कामाला लागतं आणि जवळपासच्या बँकांची यादी वाचू लागतं. 'अहो, बँक नको, जोशी!' असं ओरडावं तर फोनमध्ये जोशी सहा. 'कोणते जोशी?' 'तेच, ज्यांच्या धाकटीचं लग्न मोडलं.' यावर यंत्र वधू-वर सूचक मंडळांकडे वळतं. शिवाय फोनमधली नावं भरलेली असतात नातवानं, इंग्रजीत आणि त्याच्या सोयीनं: 'जोशी अंकल न्यू', 'प्लंबर टू', 'बँकवाले ओल्ड'. आजोबा म्हणतात, 'बाळ्याला फोन लाव.' बाळ्या आता 'अ‍ॅडव्होकेट प्रशांत' या नावानं तिथे बसलेला असतो आणि आपण बाळ्या आहोत हे तो यंत्राला सांगत नाही. आजींची अडचण त्याहून नाजूक. 'ह्यांना फोन लाव' म्हटलं की यंत्र निरागसपणे विचारतं, कुणाला? पन्नास वर्षं जे नाव उखाण्याखेरीज घेतलं नाही, ते एका फोनसाठी भर स्वयंपाकघरात कसं घ्यायचं? आणि रिवाज सांभाळून उखाण्यातच घेतलं, तर यंत्र चांदीच्या ताटाचा आजचा भाव सांगून मोकळं होईल. एवढा सगळा गोंधळ होतो खरा, पण त्यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. चौथ्या खेपेलाही यंत्राचा सूर पहिल्या खेपेइतकाच मऊ असतो. त्याला कळत काही नाही, पण ते वैतागत नाही. घरच्यांना सगळं कळतं, जोशीही कळतात, धाकटीही कळते. वैताग त्यामुळेच जास्त.

यंत्राला कळलं नाही की खापर म्हाताऱ्यांच्या उच्चारांवर फुटतं. 'बाबा, जरा स्पष्ट बोला ना!' असं सांगणारा मुलगा स्वतः फोनवर अर्धी वाक्यं 'हां, ते, म्हणजे' यात संपवत असतो आणि यंत्राला ती कळतात. यामागचं कारण उघड आहे. २०२० मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांची बोलणं टिपणारी यंत्रणा संशोधकांनी तपासली. गोऱ्या लोकांच्या शंभर शब्दांमागे सरासरी १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या शंभरामागे ३५. दोघंही इंग्रजीच बोलत होते आणि तेही अमेरिकेतलंच. यंत्राला शिकवताना ज्यांचे आवाज भरपूर ऐकवले त्यांचं त्याला समजलं, ज्यांचे कमी ऐकवले त्यांचं समजलं नाही. हाच न्याय आपल्याकडे लावा. वयाबरोबर आवाज कापरा होतो, शब्दांमधली अंतरं वाढतात, कवळीमुळे एखादं अक्षर घसरतं आणि त्यात बोली मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी असली की पुस्तकी मराठीवर पोसलेलं यंत्र गोंधळून जातं. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमात सामान्य लोकांना आपल्या भाषेतला आवाज दान करता येतो. सरकार नागरिकाचं बोलणं तोडत नाही असा हा दुर्मीळ उपक्रम आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनी कट्ट्यावरची सकाळची सभा तिकडे वळवली तर राष्ट्राचं कल्याण होईल. अलेक्साची कथा आणखी निराळी. ती २०१७ मध्ये भारतात आली ती इंग्रजी घेऊन आणि २०१९ मध्ये हिंदी शिकली. त्यामुळे अनेक मराठी घरांत तिच्याशी जो संवाद होतो तो असा: 'अलेक्सा, चार बजे मेरेको दळण का आठवण कर.' ही हिंदी ज्या यंत्राला कळते, त्याला मराठी अवघड जायचं काही कारण दिसत नाही.

अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमानं २०१७ मध्ये एक खोटी जाहिरात दाखवली होती. खास म्हाताऱ्यांसाठी बनवलेली अलेक्सा: तिला कुठल्याही जवळपासच्या नावानं हाक मारा, ती ओ देते; मोठ्यानं बोलते, तेच पुन्हा सांगते आणि कुणी लांबण लावून जुनी हकिगत सांगायला बसलं तर मधूनमधून हुंकार भरते. प्रेक्षक हसले. हसावं असंच ते होतं. पण ही यादी पुन्हा एकदा शांतपणे वाचली तर ध्यानात येतं की म्हाताऱ्यांसाठी यंत्र कसं असावं याचा इतका नेमका आराखडा दुसरा मिळणं कठीण. नावावर अडून बसू नये, दुसऱ्यांदा सांगायला कुरकूर करू नये, बोलणं तोडू नये आणि हुंकार द्यावा. कंपन्यांच्या हुशार लोकांनी यंत्राला बुद्धिबळापासून कवितेपर्यंत सगळं शिकवलं. थांबायला शिकवण्याचं काम विनोदी लेखकांना सुचलं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. वृद्धांच्या बाबतीत या यंत्राचं जे काही भलं-बुरं ठरायचं ते त्याच्या ज्ञानावर ठरणार नाही, रीतभातीवर ठरेल.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: या वयात त्यांना शिकणं जमणार आहे का? हे विचारणाऱ्यांना मी १ एप्रिल १९५७ ची आठवण करून देईन. त्या दिवशी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि त्याच सुमारास शेर-पावशेर जाऊन किलो-ग्रॅम आले. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या माणसांनी शाळेत पावकी-निमकी पाठ केली आणि ती पाठ होते न होते तोच दशांश चिन्ह शिकून घेतलं. पुढे ट्रंक कॉल गेला, एसटीडी आला, पीसीओ आला आणि गेला, पासबुकाच्या रांगेतून हीच माणसं एटीएमच्या रांगेत सरकली. अलीकडचा पुरावा हवा असेल तर २०१८ च्या सुरुवातीची बातमी आठवा: भारतातले मोबाइल वारंवार भरून बंद का पडतात याचा गुगलच्या लोकांनी शोध घेतला, तेव्हा 'सुप्रभात'ची फुलंपानं घातलेली चित्रं सापडली. त्यात ज्येष्ठांचा वाटा किती, हे ज्यांच्या फोनमध्ये कौटुंबिक ग्रुप आहे त्यांना विचारायला नको. ज्या पिढीनं गुलाबाच्या जोरावर कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना कामाला लावलं, तिला 'ओके गुगल' म्हणणं जमणार नाही, हे कुणी सांगावं आणि कुणी ऐकावं! अडचण शिकण्याची नसून शिकल्यावर सगळं बदलण्याची आहे. आजोबांच्या तोंडात असिस्टंट जरा कुठे बसतोय तोच २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं की फोनवरची ही गादी आता जेमिनीकडे जाईल. आजोबा अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले होते. मदतनीस दहा वर्षंही न भरता निवृत्तीला निघाला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मुलं यंत्र आणून देतील आणि जबाबदारी झटकतील. परदेशातला मुलगा दिवाळीला स्पीकर पाठवेल, तो भिंतीतल्या प्लगला लागला की त्याची टोचणी संपेल आणि आई-बाबा सोफ्यावर बसून एका डबीला हवामान विचारत राहतील. ही भीती काल्पनिक नाही. माणूस यंत्राशी मन मोकळं करायला किती आतुर असतो हे तर १९६६ मध्येच दिसलं. जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. तो समोरच्याचंच वाक्य उलटून प्रश्न करून विचारायचा. त्याच्याशी बोलायला बसलेल्या वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं थोड्याच वेळात साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. पण म्हणून काळजी घेण्याचं काम कंपनीकडे सोपवणं शहाणपणाचं ठरत नाही, याचाही पुरावा आहे. अ‍ॅमेझॉननं २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत म्हाताऱ्या आई-वडिलांवर लांबून लक्ष ठेवण्यासाठी 'अलेक्सा टुगेदर' ही सेवा सुरू केली आणि २०२४ च्या जूनमध्ये ती बंद केली. नाव 'सोबत', सोबत अडीच वर्षांची. धुण्याभांड्याची बाईसुद्धा काम सोडताना बदली देऊन जाते. तेव्हा यंत्राला सोबती म्हणून घरात घेणाऱ्याची निराशा ठरलेली. त्याला गडी म्हणून घ्यावं, पडेल ते किरकोळ काम सांगावं आणि सोबतीची नोकरी माणसांकडेच ठेवावी.

तिसरा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या मुळावरच घाव घालणारा आहे. सुस्कारा न टाकणारा आवाज चांगला, असं मी म्हणतो. पण सुस्कारा ठकसेनही टाकत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट'चा, म्हणजे फोनवरूनच केलेल्या बनावट अटकेचा, धाक घालून ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी लांबवणारी टोळी फोनवर तासन् तास बोलते, तेच तेच पुन्हा सांगते, कुठलं बटण दाबायचं हे न कंटाळता शिकवते. घरातल्या कुणी दिला नव्हता इतका वेळ देते. अशा अटकेची कायद्यात कुठेही तरतूद नाही, हे पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मधून सांगावं लागलं. मग नुसत्या गोड आवाजावर विश्वास कसा ठेवायचा? ठेवू नयेच. पण हा सापळा चालतो कशावर, तेही बघायला हवं. फोन ठेवून शेजारच्या खोलीत जाऊन 'अरे, हे खरं असेल का?' एवढं विचारायला बाबा कचरतात. धमकीची भीती असतेच. तिच्या जोडीला असते ती 'कुणाशी बोलत बसता हो तुम्ही!' या वाक्याची आणि त्याआधी येणाऱ्या वाऱ्याची. जे घर छोट्या प्रश्नाला वैतागतं, त्या घरात मोठा प्रश्न विचारलाच जात नाही. अशा वेळी लाज न वाटता विचारता येईल असं काहीतरी हाताशी असणं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून देणारं काहीतरी असणं, ही चैन म्हणता येणार नाही. पैशांचा व्यवहार मात्र तोंडी हुकमावर कधीही सोडू नये. पिन बोटांतच राहू द्यावा, मग बोटं कितीही कोरडी असोत.

उरलेले आक्षेप आटोपशीर आहेत. यंत्र चोवीस तास कान देऊन बसतं, त्याचं काय? त्याला हाक मारायचे शब्द ओळखण्यापुरतं ते फोनमध्येच ऐकतं आणि त्यापुढचं बोलणं सामान्यतः कंपनीकडे जातं. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन, गुगल आणि अ‍ॅपल या तिन्ही कंपन्यांकडे अशी काही ध्वनिमुद्रणं माणसंही ऐकतात हे उघड झालं, तेव्हा सावध राहणं बरं. साठवलेली ध्वनिमुद्रणं पुसून टाकायची सोय असते, ती घरातल्या धाकट्यानं वापरावी. आपल्या आज्यांचं बोलणं चोरून ऐकणाऱ्याला शेवग्याचा भाव आणि धाकट्या जावेचे दोष यापलीकडे फारसं काही मिळणार नाही, पण तेसुद्धा त्यांचं खासगी आहे. औषधाबद्दल म्हणाल तर आठवण करून देण्यापलीकडे त्याचं काही ऐकू नये. गोळी किती घ्यायची हे डॉक्टर सांगतील, कधी घ्यायची हे यंत्र सांगेल आणि घेतली असं खोटं आजोबाच सांगतील. राहता राहिलं इंटरनेट. 'कशाला उगाच जळतंय' म्हणून डेटा बंद ठेवणारी, फोन बंद करून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवणारी काटकसरी पिढी आहे ही. न्हाणीघरात पाय घसरला तर जमिनीवरून ११२ ला किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला हाक देता येणं, हा बोलक्या फोनचा सर्वांत मोठा उपयोग; पण त्यासाठी फोन आवाजाच्या टप्प्यात आणि जागा असायला हवा. साड्यांना रुग्णवाहिका बोलावता येत नाही.

शेवटी राहतो तो सज्जनांचा आक्षेप: यंत्र कशाला, घरच्यांनीच थोडा धीर धरला तर? अगदी योग्य सूचना आहे. पिढ्यान् पिढ्या ती कीर्तनांतून केली जात आहे. पण २००७ मध्ये आई-वडिलांच्या निर्वाहासाठी संसदेला कायदा करावा लागला. त्यात निर्वाहभत्त्याची तरतूद आहे, सुस्काऱ्याबद्दल कलम नाही आणि ते कुणाला लिहिताही येणार नाही. शिवाय घरचे म्हणजे नेमके कोण? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर 'सून' असं आहे. ती नोकरीहून येते, कणीक भिजवते, मुलाचा अभ्यास बघते आणि त्याच वेळी तिला 'आज एकादशी आहे का गं?' हा प्रश्न तिसऱ्यांदा येतो. तिचा सुस्कारा हा निष्ठुरपणा म्हणणं अन्यायाचं होईल. ती दमलेली असते. एकादशी कधी, पाऊस किती, किती वाजले, अमुक नंबर लाव, तमुक बातमी वाच, या रोजच्या पन्नास प्रश्नांचा भार यंत्रानं उचलला तर माणसांसाठी जे प्रश्न उरतात ते खरे माणसांचे असतात: डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले ते सांग, धाकटा का बोलत नाही माझ्याशी, गावचं घर विकायचं ठरलंय का. या प्रश्नांना उत्तर द्यायला दमलेलं माणूस उपयोगाचं नाही आणि यंत्र तर अजिबातच नाही.

तेव्हा वाचकहो, घरात ज्येष्ठ माणूस असेल तर येत्या रविवारी एक तास काढा. फोनमधली नावं ते ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं, मराठीत भरून द्या. बाळ्याला बाळ्या म्हणूनच राहू द्या आणि आजोबांचा नंबर आजींच्या फोनमध्ये 'हे' या नावानं ठेवा. भाषा मराठी करा, डेटा चालू ठेवण्याचे पैसे तुम्ही भरा, ११२, १०८ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन बोलून लावायची दोन-चारदा रंगीत तालीम घ्या. खरा फोन जाण्याआधी थांबवायचं मात्र विसरू नका. यंत्रं बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की बोलणाऱ्याला थांबायला किती अवधी द्यायचा, हे ठरवायची सोय त्याच्या हाती द्या. ऐंशी वर्षांचा माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो तेव्हा त्याचं बोलणं संपलेलं नसतं. आणि हे सगळं शिकवताना त्यांनी तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली, तर पाचव्यांदा सांगा. त्या तासात तुमच्या तोंडून एक जरी सुस्कारा निघाला, तर फोन पुन्हा साड्यांच्या घडीत गेला असं समजा.